ईस्टरची अंडी: सहा जण, सहा अंडी (मार्च-एप्रिल २०२६च्या नोंदी)

८ मार्च, रविवार

गेल्या ईस्टरला आम्ही सगळे जमलो, चार वाट्यांमध्ये रंग कालवले, तासाभरात दोन डझन अंडी बुचकळून काढली, फोटो काढले आणि झालं. मजा आली, खूप आली, पण घरी निघताना आपलं अंडं कुठलं हे एकालाही ओळखता येईना. ते मला वर्षभर खटकत होतं.

म्हणून यावेळी चार आठवडे आधीच सुरुवात केलीय. आज व्हिडिओ कॉलवर ठरलं की प्रत्येकाने एकच अंडं करायचं, पण मन लावून, आणि ते स्वतःसाठी नाही तर चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी. आम्ही सहा जण आहोत. मी, शाळेत शिकवणारी मैत्रीण आणि तिची नऊ वर्षांची लेक, आर्किटेक्ट मित्र, कामासाठी लांब गेलेला मित्र (तो सगळं कॉलवरून करणार), आणि आमची ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथातली) मैत्रीण. मला चिठ्ठी आली ती तिचीच.

आणि तिचं नाव आलं म्हणजे मला एक आठवडा जास्त मिळाला, कारण आमचा ईस्टर ५ एप्रिलला आणि तिचा १२ एप्रिलला. लेकीने विचारलंच की एकाच सणाला दोन तारखा कशा. नियम दोघांचाही एकच आहे, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा पहिला रविवार, फक्त बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च हा हिशोब जुन्या ज्युलियन कॅलेंडरने करतात आणि त्यातला २१ मार्च आपल्या कॅलेंडरपेक्षा १३ दिवस उशिरा येतो, शिवाय पौर्णिमा मोजायचे त्यांचे तक्तेही जुने. कधीकधी दोन्ही जुळून येतात, २०२५ला जुळले होते, २० एप्रिल. म्हणून तर गेल्या वर्षी सगळे एकत्र होतो.

१४ मार्च, शनिवार

आठवडाभर वाचत बसले होते. युक्रेनमध्ये मेणाने नक्षी काढलेल्या अंड्याला पिसांका म्हणतात आणि तो शब्द आलाय 'लिहिणे' या क्रियापदावरून. म्हणजे तिकडे अंडं रंगवत नाहीत, अंडं लिहितात. हे वाचलं आणि माझं ठरलंच की आपण हेच करायचं. (एकाच रंगात बुडवलेलं, खायचं उकडलेलं अंडं म्हणजे क्राशांका, ते वेगळं. रंगवून मग टोकदार वस्तूने खरवडून नक्षी काढतात ती द्रापांका.) डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोने पिसांकाची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि कोलोमिया गावात तर पिसांकाचं म्युझियम आहे ज्याची इमारतच मोठ्या अंड्याच्या आकाराची आहे, २००० सालची.

पद्धत समजायला मला दोन दिवस लागले कारण डोकं उलटं चालवावं लागतं. नेहमी आपण कोऱ्यावर रंग चढवतो. इथे जे पांढरं राहायला हवं ते सगळ्यात आधी मेणाने झाकायचं, मग अंडं पिवळ्यात बुडवायचं, मग जे पिवळं राहायला हवं ते झाकायचं, मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. प्रत्येक रंग आधीच्यापेक्षा गडद. शेवटी अंडं जवळजवळ सगळं काळं दिसतं, मेणाचे काळपट ओघळ आणि गोळे, काहीच कळत नाही आत काय आहे, आणि मग ज्योतीजवळ धरून मेण पुसलं की सगळे रंग एकदम बाहेर येतात. म्हणजे काय राखून ठेवायचं हे रंग हातात घ्यायच्या आधीच ठरवायचं.

मेण लावायच्या अवजाराला किस्तका म्हणतात, लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला पितळेची किंवा तांब्याची बारीक नळी असलेली छोटी वाटी. ज्योतीत तापवायची, मधमाशीच्या मेणावर टेकवायची, मेण आत ओढलं जातं, मग परत ज्योतीत आणि मग अंड्यावर. दोन मागवल्यात, एक बारीक, एक मध्यम.

मैत्रिणीच्या लेकीला किस्तका आत्ताच नको, तिच्यासाठी टाचणी. पेन्सिलीच्या मागच्या रबरात टाचणी खोचायची, डोकं बाहेर, ते डोकं वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर टेकवून ओढायचं. थेंबाला शेपटी फुटते. चार शेपट्या एका बिंदूपाशी आणल्या की फूल.

१५ मार्च, रविवार

आज अंडी रिकामी केली. पांढऱ्या टरफलाचीच घेतली, तपकिरीवर पिवळा उठत नाही. उजेडासमोर एकेक धरून तडा आहे का ते बघितलं. खडबडीत, पुटकुळ्या असलेली बाजूला काढली, त्यावर किस्तका अडखळते.

परंपरेत पिसांका कच्च्या अख्ख्या अंड्यावरच करतात आणि आतलं वर्षानुवर्षं हळूहळू वाळत जातं, पण उष्णतेने किंवा तडा असेल तर फुटायची भीती असते आणि फुटलं तर त्या वासाचं वर्णन मी इथे करत नाही. ही अंडी प्रवास करणार आहेत म्हणून रिकामीच बरी.

कोमट पाण्याने धुतलं, दोन्ही टोकांना सुईने भोक, खालचं थोडं मोठं, लांब सुई आत घालून बलक फोडला आणि मग हवा. तोंडाने फुंकायचं नाही असं सगळ्यांना बजावलंय, कच्चं अंडं आहे, साल्मोनेला असू शकतो, मी छोटा रबरी फुगा वापरला, वरच्या भोकाशी टेकवून हळूहळू दाबायचा. पहिली दोन फुटली कारण मी घाई केली. तिसऱ्यापासून हात बसला. आतून पाण्याने दोनदा खळबळून उलटी वाळत ठेवली.

बारा अंडी फुंकली, त्यातली दहा धड. आतलं सगळं एका भांड्यात, संध्याकाळी भलंमोठं ऑम्लेट.

रिकामं टरफल तळहातावर घेतलं तेव्हा क्षणभर काही घेतलंय असंच वाटलं नाही, इतकं हलकं.

२१ मार्च, शनिवार

आज खायच्या अंड्यांसाठी घरगुती रंगांची चाचणी. मैत्रीण आणि लेक सकाळीच आल्या. चार पातेली: कांद्याची सालं, हळद, लाल कोबी, बीट. प्रत्येकात पाणी घालून अर्धा तास उकळलं, गाळलं, पूर्ण गार केलं आणि दर कपाला साधारण एक मोठा चमचा व्हिनेगर.

व्हिनेगर का, हे लेकीला दाखवण्यासाठी एक टरफलाचा तुकडा नुसत्या व्हिनेगरमध्ये टाकला. लगेच बारीक बुडबुडे. टरफल जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तेवढ्याने पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग धरायला मदत होते. जास्त घातलं तर वरचा थरच खाल्ला जातो आणि डाग डाग दिसतात, एका अंड्यावर तसं झालंच.

कोबीने सगळ्यांना खिळवून ठेवलं. उकळल्यावर पाणी जांभळं, व्हिनेगर पडताच भडक गुलाबी, लेक म्हणाली मावशी आता गुलाबी अंडी होणार. रात्रभर ठेवायचं ठरलं होतं पण तिला धीर नव्हता, तीन तासांनी चमच्याने एक काढलं तर निळं! पाणी गुलाबी आणि अंडं आकाशी. कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात गुलाबी आणि अल्कलीकडे निळं होतं, आणि टरफल स्वतः अल्कलीच्या बाजूचं. मला हे वाचून माहीत होतं तरी डोळ्यासमोर झालं तेव्हा मीही ओरडलेच.

कांद्याची सालं सगळ्यात भरवशाची, विटकरी लाल, गडद, एकसारखा. हळद उजळ पिवळी. बीटने निराशा केली, काढल्यावर गुलाबी आणि वाळल्यावर मळकट तपकिरी. बीट बाद.

अजून एक: कोवळं पान ओल्या अंड्यावर चिकटवलं, वरून जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून मागे घट्ट गाठ मारली आणि कांद्याच्या रंगात ठेवलं. सोडल्यावर पानाची शीर न शीर उमटलेली. आर्किटेक्ट मित्राला फोटो पाठवला, त्याचं उत्तर एवढंच, "मी येतोय."

२२ मार्च, रविवार

किस्तका हातात घेतली. पहिला तास वाईट गेला. जास्त तापवली की मेणाचा थबका पडतो, कमी तापली की रेघ तुटते, आणि ज्योतीच्या वर धरली की काजळी धरते. हळूहळू लक्षात आलं की हात हलवायचाच नाही, किस्तका स्थिर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने अंडं फिरवायचं. करंगळी टेबलावर टेकलेली. त्यानंतर पहिली सलग रेघ आली, अंड्याला पूर्ण वेढा घालून सुरुवातीला येऊन भिडली, आणि मी ती पाच मिनिटं नुसती बघत बसले.

आर्किटेक्ट मित्राने अंड्याचे भाग पाडून दिले, रबरबँड घालून पेन्सिलीने अगदी फिकट रेघा, आधी आडवा मध्य, मग उभे आठ भाग. ही माहिती महत्त्वाची आहे म्हणून लिहून ठेवते: पेन्सिलीची रेघ खोडरबराने खोडायची नाही. तिथे तेलकट धब्बा राहतो आणि रंग धरत नाही. रेघ चुकली तर तशीच ठेवायची, शेवटी मेण पुसताना बरीचशी निघून जाते. हाताला क्रीमही नको, बोटांच्या ठशांवरसुद्धा रंग नीट बसत नाही.

लांबचा मित्र कॉलवर होता, त्याच्याकडे किस्तका नाही, तो टाचणीनेच करतोय. जर्मनीच्या लुसाशिया भागात सोर्ब लोक पिसाचं टोक कापून ते मेणात बुडवून नक्षी काढतात, त्रिकोण आणि चौकटी, हे त्याने शोधून काढलं आणि कुठूनतरी पीस मिळवलं. पिसाने त्याचं काम माझ्यापेक्षा सुबक येतंय.

२८ मार्च, शनिवार

खरं अंडं सुरू केलं. तिच्यासाठी नक्षी ठरवायला आठवडा गेला. तिने कधीतरी सांगितलं होतं की तिच्या आजीच्या घराच्या खिडकीतून गव्हाचं शेत दिसायचं, ते मनात राहिलं होतं. पिसांकात गव्हाची ओंबी चालत आलेली नक्षी आहे, सुगीची. म्हणून मध्यावर ओंब्यांचा पट्टा, वर आणि खाली आठ टोकांचा तारा, म्हणजे सूर्य.

दोन्ही भोकं मेणाने बंद केली, नाहीतर रंग आत शिरतो. पांढऱ्याच्या रेघा काढायला पावणेदोन तास. आणि मग शेवटच्या ताऱ्यापाशी, संपत आलेलं असताना, किस्तकातून एक थेंब पडला. ताऱ्याच्या बाहेर, मोकळ्या जागेत, तिळाएवढा.

मेण पडलं की पडलं. खरवडून काढलं तरी तेलकटपणा राहतो आणि तिथे रंग चढत नाही. तो ठिपका आता शेवटपर्यंत पांढराच राहणार. मला खरंच रडू आलं. अंडं ठेवून दिलं, चहा केला, परत आले आणि ठरवलं की नवीन घ्यायचं नाही. नऊच्या सुमाराला पिवळ्यात बुडवलं. रिकामं अंडं बुडत नाही, तरंगतं, म्हणून वर छोटा ग्लास टेकवून दाबून ठेवलं, दहा मिनिटं.

(हे पिसांकाचे रंग खायचे नाहीत. भांडी, चमचे सगळं वेगळं, आणि लेकीला दोनदा समजावून सांगितलं.)

२९ मार्च, रविवार

आज झावळ्यांचा रविवार, चर्चमधून आल्यावर चौघं टेबलाभोवती बसलो. पिवळ्याच्या रेघा, मग नारिंगी, मग लाल. हिरवा मध्येच येत नाही, तो क्रमात बसत नाही, म्हणून पिवळ्यानंतर कापसाच्या काडीने फक्त पानांवर हिरवा लावला आणि लगेच मेणाने झाकला. प्रत्येक रंगानंतर टिशूने टिपायचं, पुसायचं नाही.

कोणी फारसं बोलत नव्हतं. एरवी आम्ही जमलो की कान किटतात. आज चार मेणबत्त्या, मेणाचा मधासारखा वास, आणि अधूनमधून कोणीतरी "श्श, थांब थांब" असं स्वतःलाच. शाळेतली मैत्रीण म्हणाली, गेल्या महिन्याभरात मी सलग दोन तास एका जागी बसलेच नव्हते गं.

संध्याकाळी काळा. वीस मिनिटं. मग मेण काढलं: अंडं ज्योतीच्या वर नाही तर बाजूला धरायचं, वर धरलं की काजळी बसते, मेण चमकायला लागलं की मऊ टिशूने पुसायचं, पुढचा तुकडा. पहिल्या पुसण्यात एका ओंबीचं टोक दिसलं, पिवळं, काळ्यावर. सगळे उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

आर्किटेक्ट मित्राच्या अंड्यात घोटाळा झाला. गरम झाल्यावर आतली हवा फुगली, भोकाचं मेण सुटलं आणि आत शिरलेला काळा रंग बाहेर आला, लाल पट्ट्यावरून ओघळला. त्याने शांतपणे टिपून घेतला, दुसऱ्या टोकाचं मेणही काढून टाकलं आणि म्हणाला, मेण काढायच्या आधी भोकं उघडायला हवी होती. बरोबर आहे. पुढच्या वेळेसाठी लिहिलं.

१ एप्रिल, बुधवार

व्हार्निश. नशीब की आधी सरावाच्या अंड्यावर करून बघितलं. घरात होतं ते पाण्यात विरघळणारं होतं, हात फिरवताच लाल सुटून पांढऱ्यात पसरला. हे रंग पाण्याचे आहेत, त्यावर तेलाचंच व्हार्निश हवं. ते आणलं, बोटाने पातळ हात दिला, तीन टाचण्यांवर उभं करून वाळवलं. काळा एकदम खोल दिसायला लागला.

४ एप्रिल, शनिवार

उद्यासाठी उकडलेली अंडी, अठरा. मंद आचेवर, नंतर लगेच थंड पाण्यात. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट करडी कडा येते, अपायकारक नाही पण दिसायला बरी नाही. बारा कांद्याच्या सालीत, सहा कोबीत रात्रभर, फ्रीजमध्ये. वाळल्यावर तेलाचं एक बोट फिरवलं की चमक येते. दोन तासांच्या वर बाहेर ठेवायची नाहीत, आठवड्यात संपवायची.

लेकीने विचारलं की ईस्टरला अंडंच का. आईने तिला येशूच्या कबरीबद्दल सांगितलं, बंद टरफल आणि त्यातून बाहेर येणारा जीव. मी दुसरी बाजू सांगितली: पूर्वी ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी खायची नसायची, पण कोंबड्यांना ते कोण सांगणार, त्या घालतच राहायच्या, आणि सणापर्यंत घरात ढीग साचलेला असायचा. १२९० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या हिशोबात ४५० अंडी सोनेरी वर्खाने आणि रंगांनी सजवून वाटायला १८ पेन्स खर्च नोंदलेला आहे. तिला कोंबड्यांचंच जास्त आवडलं.

५ एप्रिल, रविवार

ईस्टर. सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे आले, लांबचा मित्र स्क्रीनवर, त्याचं अंडं कुरियरने कापसात गुंडाळून डब्यात डबा घालून आलं आणि धड आलं! ते होतं शाळेतल्या मैत्रिणीसाठी, काळ्यावर पांढरे त्रिकोण, पिसाचे, शेकडो.

एकेकाने डबा उघडला. कोणी कोणासाठी केलं ते न सांगता ओळखायचं असं ठरलं होतं आणि उघडलेली पाचच्या पाच ओळखली गेली. आर्किटेक्टचं अंडं तर त्या ओघळामुळेच. ते त्याने लेकीसाठी केलं होतं आणि ती म्हणाली की ही नदी आहे, हो ना काका. तिने स्वतः टाचणीने केलेलं लांबच्या मित्राला जाणार, नुसती फुलं, वेगवेगळ्या आकाराची, एकाही फुलाची मापं दुसऱ्याशी जुळत नाहीत आणि तरी अंडं भरून आलंय. त्याने कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितलं, अजून जवळ, अजून जवळ, शेवटी स्क्रीनभर एकच पाकळी. मला आलं ते मैत्रिणीकडून, आकाशी आणि पांढरं, निळा रंग नीट चढावा म्हणून तिने तीनदा नवीन अंडं घेतलं होतं हे मला आजच कळलं.

बागेत अंडी लपवायचा खेळ झाला. अठरातली सतरा सापडली. अठरावं शोधायला तासभर लागला, कारण पानाचा ठसा असलेलं अंडं वाळलेल्या पानांतच लपवलं होतं.

ऑर्थोडॉक्स मैत्रीण आली होती पण काही खाल्लं नाही, तिचा उपवास अजून चालू. तिचं अंडं मी आज दिलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

आज तिच्या घरी. तिने लाल अंडी पवित्र गुरुवारी केली होती, ९ तारखेला, सगळी एकाच लाल रंगात, दुसरा रंगच नाही. जेवायच्या आधी प्रत्येकाने एक घ्यायचं आणि दोघादोघांनी टोकाला टोक आपटायचं. आपटणारा म्हणतो "ख्रिस्त उठला आहे", समोरचा म्हणतो "खरोखर उठला आहे", आणि ज्याचं फुटलं तो बाद. अंडं मुठीत असं धरायचं की टोकाचा अगदी थोडा भाग बाहेर राहील, हे तिने लेकीला कानात सांगितलं आणि लेकीने आम्हा सगळ्यांना हरवलं.

मग मी डबा दिला. तिने झाकण काढलं, अंडं दोन बोटांत धरून खिडकीपाशी गेली आणि हळूहळू फिरवायला लागली. ओंब्या बघून म्हणाली, "तुझ्या लक्षात होतं?" मी नुसती मान हलवली. मग तिची करंगळी वरच्या ताऱ्याच्या बाहेर त्या तिळाएवढ्या पांढऱ्या ठिपक्याशी थांबली.

"हा काय आहे?"

मी खरं ते सांगितलं, थेंब पडला, काढता येत नाही.

तिने देव्हाऱ्यासारख्या त्यांच्या छोट्या कोपऱ्यात, मूर्तिचित्रांच्या खाली, एका वाटीत गहू पसरले आणि त्यावर अंडं ठेवलं. दोनदा फिरवून बघितलं. शेवटी ठिपक्याची बाजू पुढे ठेवून हात काढला.